जीप पास झाली

पालमच्या फाट्यावर सत्यशीलाची एस.टी. चुकली, ती अगदी डोळ्यांदेखत. बस धुरळा उडवत पुढे गेली आणि ही एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात छत्री घेऊन उभी राहिली. दोन्हीकडे ज्वारीची रानं, आणि माणूस एक नाही. नोकरीचा पहिलाच दिवस असा उजाडावा... तिला रडूच आलं.

तेवढ्यात एक जीप आली. आली म्हणण्यापेक्षा कण्हत आली. लष्कराने कधीकाळी मोडीत काढलेली, हुडाला ठिगळं लावलेली.

"दवाखान्याच्या नव्या सिस्टर तुमीच का?" चालवणाऱ्याने विचारलं. कुरळ्या केसांवर धूळ, डोळे मात्र हसरे. "मी रंगनाथ. डायवर. बसा... पण घट्ट धरून बसा बरं."

"कामून?"

"कळंल की."

पहिल्याच खड्ड्यात कळलं. खाली धाडकन लोखंडावर लोखंड आपटलं, सत्यशीला उडाली आणि तिचं डोकं हुडाच्या दांडीला लागलं.

"लागलं का?"

"नाही," ती डोकं धरून म्हणाली.

"पहिल्या दिवशी समदेच न्हाई म्हणतात. दुसऱ्या दिवशी खरं बोलतात."

तिला हसायचं नव्हतं. तरी ती हसली.

जीपचं दुखणं तसं साधं होतं. गाडीचा सांगाडा चाकांच्या आसावर थेट टेकत नाही. मध्ये पोलादी पाटे असतात. खड्डा आला की पाटे दबतात आणि धक्का पोटात घेतात. पण खड्डा फारच खोल असला, पाटे दबायचे तेवढे दबून गेले, तर सांगाडा आसावर आदळू नये म्हणून तिथे रबराचा एक ठोकळा बसवलेला असतो. त्याला बंप रबर म्हणतात. एरवी तो नुसता लटकून असतो. त्याचं काम पडतं ते अगदी शेवटी, मार खायला. या जीपचे ठोकळे मार खाऊन खाऊन बिस्किटाएवढे उरले होते.

त्या हिवाळ्यात देवीची लस टोचत दोघं गावोगाव हिंडली. जीप आदळायची, सत्यशीला लशीची पेटी मांडीवर धरून बसायची, आणि खड्डा दिसला की रंगनाथचा डावा हात आपोआप तिच्यापुढे आडवा व्हायचा. हात तिला कधी लागला नाही. पण तो यायचा, हे तिला रात्री आठवायचं... आणि आठवलं की वाईट वाटायचं. कारण पूर्णेला रेल्वेत असलेल्या तिच्या दादाने, भगवानरावांनी, तिच्यासाठी स्थळ पाहून ठेवलं होतं. पक्क्या नोकरीचा मुलगा, हीच दादाची एक अट. आणि रंगनाथ रोजंदारीवर होता.

माघात खबर आली. जिल्ह्याहून साहेब येणार, जीप तपासणार. नापास झाली तर मोडीत, आणि डायवरला घरी. पास झाली तर डायवर कायम.

रंगनाथने पूर्णेच्या भंगारवाल्याकडून ट्रकचे जुने, जाड बंप रबर आणले. ते जीपला फार उंच होते.

"उंच ठेवले तर गाडी सारखी त्यांच्यावरच बसंल, बारक्या खड्ड्यातबी दणके देईल," तो म्हणाला. "लय कापले तर पुन्हा लोखंडावर लोखंड. मधलं माप धरायचंय."

त्याने जॅक लावून सांगाडा उचलला. गंजलेल्या बोल्टवर रॉकेल सोडलं, पान्याने झुंजत जुन्या रबराची उरलेली चकती काढली. रबर मात्र त्याच्या सुरीला दाद देईना. सत्यशीला बघत होती. ती आत गेली, पट्ट्या कापायचं पातं आणि साबणाचं पाणी घेऊन आली.

"ओलं करून कापा. मग रबर पातं धरून ठेवत नाही."

"तुमीच कापा. तुमचा हात हलंना. माझा हलायलाय."

"कामून?"

"तुमी इतक्या जवळ बसलात म्हणून."

तिने मान वर केली नाही. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या.

"पास झाली तर मी पक्का होतो," तो हळू म्हणाला. "मग पूर्णेला जायचं हाय... तुमच्या दादाकडं."

"दादाकडे काय काम?"

"तिकीट काढायचं हाय."

"कुठलं?"

"ते तुमी सांगा. दोघांचं काढायचंय."

पातं थांबलं. मग पुन्हा चालू झालं, पण आधीपेक्षा फार सावकाश.

"आवरा आता," सगुणाबाई आया दवाखान्याच्या ओसरीवरून ओरडली. "जीप हाय का पाळणा करायलात?" तिला वजन म्हणून मागच्या बाकावर बसवलं आणि दोघांनी खाली वाकून ठोकळा आणि आस यांच्यातली फट पाहिली. माप बरोबर जमलं होतं.

साहेब आले. रंगनाथच्या शेजारी बसले आणि थेट ओढ्याकडे गाडी घालायला लावली. सत्यशीला दारात उभी होती. 

साहेब परतले ते हसतच. "ही मोडीत? अहो, पाठ अजिबात धरली नाही. असली गाडी इथं कशाला? जिल्ह्याला घेऊन जातो. ड्रायव्हर आमच्याकडे आहेच."

एवढंच. साहेबांचा माणूस पुढे बसला आणि जीप गेली. गाडी गेली म्हणजे गाडीवानाची जागाही गेली.

"थोडं वाईट करायला काय झालतं तुमाला?" सगुणाबाई डोळे पुसत म्हणाली. "पास होण्यापुरतं करायचं."

"वाईट करता येईना बाई," रंगनाथ म्हणाला. "तिच्यात सिस्टर बसायच्या होत्या."

आठवड्याने तो फाट्यावर उभा होता. हैदराबादच्या ट्रकवर क्लीनरचं काम मिळालं होतं. सत्यशीला लशीची पेटी खांद्याला लावून आली. आता तिची गावं पायी होती.

"दादांचं ऐका," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "माझं आता काय खरं न्हाई."

"दादाला नाही म्हणून आले."

तो दचकला. "माझ्यासाठी कामून? मी कवा येईन, येईन का न्हाई..."

"तुमच्यासाठी नाही. मला दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसवणार नाही, म्हणून." तिने पेटीचा पट्टा खांद्यावर नीट केला. "तुम्ही या, नका येऊ. माझं तुमच्यावर मन आहे. तुम्ही जायच्या आधी सांगायचं होतं, सांगितलं."

एस.टी. येऊन थांबली. कंडक्टरने घंटीची दोरी धरली.

"माझंबी हाय," रंगनाथ पायरीवरून म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. पण मन घेऊन दादांच्या दारात कसं उभं राहावं, सांगा."

घंटी वाजली. बस वळणावर दिसेनाशी झाली. ऊन चढायला लागलं होतं, आणि उन्हात लस वाया जाते. सत्यशीलाने पदराने तोंड पुसलं, पेटी सावलीच्या बाजूला घेतली आणि बसच्या उलट दिशेच्या गावाकडे चालू लागली.