तीन नंबरचा सांगावा

ऑक्टोबरातली दुपार होती आणि ल्युबिशा टाकीच्या निरोपाची वाट बघत होता. पाण्याची टाकी टेकडीवर, ल्युबिशा स्वयंपाकघरात. टाकीला त्याने लोराचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओचं, एक मॉड्यूल बसवलं होतं. काड्यापेटीएवढं यंत्र, त्याला बोटभर अँटेना. पाणी किती उरलं एवढंच ते दर दहा मिनिटांनी कळवायचं आणि पुन्हा झोपी जायचं. होमोल्येच्या डोंगरात मोबाईलला रेंज नाही, पण याचा निरोप दोन टेकड्या ओलांडून येई, तोही एका बॅटरीवर दोन वर्षं. ही ‘दोन वर्षं’ ल्युबिशा गावात ज्याला त्याला ऐकवायचा. पोट फ्रीजच्या दुरुस्तीवर, जीव मात्र असल्या खेळण्यांत.

दोन नंबरचं मॉड्यूल बागेतल्या खोपटात होतं, आणि तीन नंबरचं सासऱ्यांच्या कोटाच्या अस्तरात.

सासरे तिहोमिर शेवटी शेवटी फार विसरायला लागले होते. रोज चार वाजता ‘बागेत कुत्र्याला घालून येतो’ म्हणून निघायचे. कुठे हरवू नयेत म्हणून जावयाने जागा कळवणारी चिप लावून यंत्र कोटात शिवून टाकलं. “मेंढीला बांधतात तशी घंटा बांधलीस की मला!” म्हातारा गरजला, पण कोट घालून जाऊ लागला. नकाशावर ठिपका पाऊण तास बागेत दिसे, मग घरी येई. घरची माणसं निर्धास्त होती.

सतरा दिवसांपूर्वी तिहोमिर गेले. रीतीप्रमाणे सासूबाईंनी, म्हणजे वुकोसावांनी, शवपेटीत त्यांचा चष्मा ठेवला, सिगारेटचं पाकीट ठेवलं, राकियाची चपटी बाटली ठेवली, आणि खाली गारठा फार म्हणून तोच कोट गळ्यापर्यंत बटणं लावून घातला. ल्युबिशाला अस्तर आठवलं तेव्हा पाद्रीबुवांची प्रार्थना रंगात आली होती. चारचौघांत मेलेल्या सासऱ्याचा कोट उसवणार कोण? एवढ्या मातीखालून काही बाहेर येणार नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

हे निरोप घेणारा, दुखवट्यात बंद ठेवलेला रिसीव्हर त्याने आजच सुरू केला होता. लोणच्याच्या बरण्यांच्या मधून तो चार वाजता वाजला. ल्युबिशाने पडद्याकडे पाहिलं. नंबर तीन.

खिडकीबाहेर धुकं उतरत होतं. भाजलेल्या लाल ढोबळी मिरच्यांचा वास घरभर भरला होता. कुठे पान हलत नव्हतं. रिसीव्हर पुन्हा वाजला. ठिपका स्मशानाच्या फाटकाशी होता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ठिपका बागेच्या कुंपणाशी आला होता.

“टाकी भरली का रे?” सोललेल्या मिरचीने लाल झालेले हात घेऊन वुकोसावा मागे उभ्या राहिल्या.

“टाकी नाही, आई... हे... तीन नंबर.”

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. ठिपका वरच्या आळीला चढला आणि एका घरात शिरून थांबला.

“कुणाचं घर ते?”

“कधी कधी भरकटतो हो सिग्नल...”

“मी घर विचारलं, जावईबापू.”

“रुमेनाबाईंचं,” ल्युबिशा पुटपुटला.

रुमेना म्हणजे शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. एकटीच राहायची.

पुढचे तीन दिवस हेच. चार वाजले की तीन नंबर निघे आणि पाऊण तास रुमेनाकडे. चाळीस दिवस आत्मा आपल्या जुन्या वाटांनी फिरतो, हे वुकोसावांना लहानपणापासून माहीत होतं. त्यामुळे त्या घाबरल्या नाहीत. घाबरायचं काम ल्युबिशाकडे होतं. त्यांचं डोकं फिरलं होतं ते वेगळ्याच गोष्टीने.

“एकोणपन्नास वर्षं याला जेवू घातलं! आणि हा मास्तरणीकडे!”

“पण आई, जिवंतपणी तर ठिपका बागेतच असायचा...”

“कोट फांदीला टांगून जात असणार लबाड! आता मीच बटणं लावून दिलीत, काढणार कसा?”

यंत्राला कोट कळतो, कोटात कोण आहे ते कळत नाही, हे ल्युबिशाला आजवर सुचलंच नव्हतं.

“चाळिसाव्याचं जेवण मी घालायची नाही. घालू दे तिलाच!” वुकोसावांनी जाहीर केलं. ते जेवण घातलं नाही तर आत्मा अडकून राहतो. पण त्या मग चुलीकडे तोंड करून हळूच म्हणाल्या, “माझ्यात काय कमी होतं रे?” आणि ते ऐकून ल्युबिशाला भीती वाटण्यापेक्षा वाईटच जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी चारला दोघं रुमेनाकडे निघाली. धुक्यात हातभरापलीकडचं दिसेना. ल्युबिशाच्या हातातल्या रिसीव्हरवर सिग्नलचा जोर पावलागणिक वाढत होता. दाराशी पोचल्यावर तो आकडा ल्युबिशाने कधी टेबलावर चाचणी घेतानाही पाहिला नव्हता.

दार ठोठावायच्या आत उघडलं. रुमेना काठी टेकत उभी होती. “या वुकोसावा. वाटच बघत होते... हळू बोला. आत आहेत.”

खोलीत टेबल होतं, दोन खुर्च्या होत्या. एक खुर्ची मागे ओढलेली. ओल्या मातीचा वास येत होता. टेबलावर शाळेची वही उघडी होती.

“वर्षभर शिकवणीला यायचे,” रुमेना म्हणाली. “थंडीत नुसत्या शर्टावर! कोट कुठंय विचारलं तर हसायचे. म्हणायचे, मास्तरीणबाई, सगळं विसरतोय, विसरू दे. फक्त बायकोचं नाव जाता कामा नये. तिच्यासमोर एक दिवस तोंड उघडलं आणि नावच आलं नाही, तर ती काय म्हणेल?”

वुकोसावांनी वही ओढली. पानामागून पान, वाकड्यातिकड्या अक्षरांत एकच शब्द. वुकोसावा. वुकोसावा. वुकोसावा. मधे मधे लाल पेनाने ‘छान’. शेवटची पानं मात्र कोरी होती.

“एकवीस दिवस झाले, एक खाडा नाही,” रुमेना कंटाळून म्हणाली. “बसतात... पेन्सिल हलते... आणि थांबते. तेवढंच अडलंय. मी नाव सांगून पाहिलं, पण माझ्याकडून त्यांना पटत नाही. नावाशिवाय घरी कोणत्या तोंडाने जाऊ, असं झालं असेल.”

वुकोसावांनी डोळे पुसले, पदर नव्हता म्हणून काळ्या रुमालाच्या टोकाने, आणि रिकाम्या खुर्चीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“वुकोसावा!” त्या ओरडल्या. “वुकोसावा आहे मी, वेडोबा! नाव गेलं तर गेलं, हाक मारायची होतीस नुसती! ऊठ, चल घरी!”

पेन्सिल टेबलावरून घरंगळली. खुर्ची करकरली.

“चला, सुटले एकदाचे,” रुमेना म्हणाली आणि तिने वहीवर लाल पेनाने बरोबरची खूण केली.

परतीच्या वाटेवर वुकोसावा म्हणाल्या, “चाळिसाव्याला त्याच्या आवडीचं कोबीचं सार्मा करीन म्हणते. भरपूर.” मग त्या रस्त्याच्या कडेला सरकल्या. “तू पलीकडून चाल रे. मधे जागा ठेव.”

ल्युबिशाला बाजूला व्हायला जरा उशीर झाला आणि त्याच्या बरगडीत सणसणीत कोपर बसलं. वुकोसावा त्याच्यापासून चांगल्या चार हात लांब होत्या.