उलटी गुंडाळलेली दोरी

ही घटना खरी आहे. मिस्त्री थापा मारणाऱ्यातला नाही.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं.

आदल्या दिवशीच्या वादळात एका बंद गोदामामागचं झाड आडवं झालं होतं. ते कापायला मिस्त्री आणि त्याचा धाकटा भाऊ लंबू आले होते. तिथे दुसरं चिटपाखरूही नव्हतं.

काम सुरू करण्याआधीच खोड घसरलं. लंबूचे दोन्ही पाय खाली अडकले. खाली खड्डा होता म्हणून हाडं वाचली, पण खोड हळूहळू खचत होतं.

मिस्त्रीने चेनसॉ, म्हणजे मशीनची करवत, चालू करायला तिची दोरी ओढली. दोनदा ओढली, आणि ती तुटून हातात आली.

ही दोरी बदल, असं लंबू महिनाभर कानीकपाळी ओरडत होता. लोकांची मशीनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला स्वतःच्या मशीनसाठी वेळ नव्हता.

त्याने अग्निशमन दलाला फोन लावला. रस्ते झाडांनी बंद होते, तास तरी लागणार होता.

"जा, नवी दोरी टाकून आण," लंबू म्हणाला. "मी कुठे जातोय?"

व्हॅन गोदामाच्या भिंतीपलीकडे उभी होती, तीस पावलांवर. तिथून लंबू दिसत नव्हता. फक्त आवाज येत होता.

दोरी बदलणं म्हणजे मिस्त्रीच्या हातचा मळ. चार स्क्रू काढायचे, झाकण उघडायचं, नवी दोरी चाकातून ओवून गाठ मारायची, चाकावर गुंडाळायची. पण त्या दिवशी अर्धं लक्ष भिंतीपलीकडे होतं. सगळं बसवलं, ओढून पाहिलं...

दोरी परत आतच जाईना.

त्याने ती उलटी गुंडाळली होती. वीस वर्षांत पहिल्यांदा.

स्वतःला शिव्या घालत त्याने झाकण पुन्हा उघडलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला...

घर्रर्र.

दोरी ओढल्याचा.

पुन्हा एकदा... घर्रर्र.

तिसऱ्यांदा मशीन सुरू झालं.

तिथे एकच मशीन होतं, आणि ते त्याच्या मांडीवर उघडं पडलेलं होतं.

"आलास होय दादा?" पलीकडून लंबू म्हणाला. आवाजात केवढा जीव आला होता.

"मी इथे आहे रे! व्हॅनपाशी!"

करवतीच्या आवाजात ते कुठे ऐकू जाणार? लाकूड कापल्याचा आवाज भरभर पुढे सरकत होता. मिस्त्री मांडीवरचं मशीन धरून तसाच हाका मारत राहिला.

मग करवत थांबली.

"सुटले पाय," लंबू हसत म्हणाला.

लगेच पुन्हा त्याचाच आवाज...

"दादा, निघालो ना मी. आता हात सोड."

आणि मग, अगदी हळू... "सोड ना. दुखतोय."

मिस्त्री धावला. तीस पावलं, पण संपता संपेनात.

खोडाचे दोन तुकडे झाले होते. काप गुळगुळीत होता, भुसा अजून कोमट. भोवती सगळा ओला चिखल, आणि चिखलात फक्त त्या दोघांची येतानाची आणि मिस्त्रीची व्हॅनकडे गेलेली पावलं. लंबूचं परत जाणारं एकही नाही.

लंबू नव्हता.

अग्निशमनवाल्यांनी झाड उचललं, पोलिसांनी गोदाम पालथं घातलं. कोणी कापलं, असं विचारलं, तेव्हा मिस्त्रीकडे दाखवायला फक्त ते उघडं मशीन होतं.

चार वर्षं झाली. लंबूची बायको अजून मिस्त्रीशी बोलते, त्याला जेवायला वाढते. तुमचा काय दोष, दोरी कोणाचीही तुटते, म्हणते.

मिस्त्री मान हलवतो. दोरी तुटली याचं त्याला फारसं काही नाही. परवा ही हकिकत सांगून झाल्यावर तो एवढंच म्हणाला,

"त्याला वाटलं मीच आलोय. म्हणून त्याने हात दिला."