चांदसाहेबांचा शुक्रवार

नूरीन मिरजेला निघाली ती एका नव्या तंबोऱ्याचे फोटो काढायला. दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. कोरेगावात, सासरच्या स्वयंपाकघरात, खिडकीशी लॅपटॉप मांडून ती लोकांच्या वेबसाइटसाठी लिहायची. कोणाच्या दाताच्या दवाखान्याचं, कोणाच्या गुऱ्हाळाचं, कोणाच्या लग्नाच्या हॉलचं. लिहिणारी ती, पण वाचणाऱ्याला वाटायचं की डॉक्टरच बोलतोय, गुऱ्हाळवालाच बोलतोय. दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची तिला इतकी सवय झाली होती, की नवरा नईम चेष्टेनं म्हणायचा, "माझ्याशी बोलताना तरी तू तूच अस गं बाई."

तिचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं लिखाण मात्र माहेरचं होतं. मिरजेत तिच्या वडिलांचं, चांदसाहेबांचं, तंबोरे आणि सतारींचं दुकान. म्हातारा एकदा बोलायला लागला की गिऱ्हाईक उठायचं नाव घ्यायचं नाही. भोपळा कसा निवडावा, कोणत्या गवयानं कोणता तंबोरा रागानं परत पाठवला आणि मग रडत मागून नेला, असल्या त्यांच्या गप्पा. नूरीन त्या ऐकून दुकानाच्या वेबसाइटवर त्यांच्याच बोलीत मांडायची, जणू अब्बा स्वतः लिहिताहेत. शेवटची ओळ ठरलेली: "पुढच्या शुक्रवारी दिवेलागणीला याच बैठकीवर भेटू. मी आहेच." वाचणारा परत यावा म्हणून असं काहीतरी लिहायचंच असतं, हा तिच्या धंद्यातला साधा नियम.

चांदसाहेबांना तो कधी पटला नाही. गिऱ्हाइकाला दिलेली तारीख त्यांनी जन्मात चुकवली नव्हती. अंगात ताप असला तरी कानस घेऊन बसायचे. "माझ्या नावानं वायदा करू नगंस गं," ते म्हणायचे. "केला की मला पाळावा लागतो."

उन्हाळ्याच्या अखेरीला ते गेले. चाळीसाव्या दिवसाच्या फातिहानंतर भाऊ रिजवान म्हणाला, "अब्बा गेल्याचं इतक्यात लिहू नगंस. लोकं त्यांच्या नावावर येत्यात. मला जरा पायावर उभा राहू दे." नूरीननं मान डोलावली. खरं सांगायचं तर रिजवान हे निमित्त होतं. लिहायला बसलं की अब्बा शेजारी मांडी घालून बसलेत असं तिला वाटायचं, आणि तेवढ्यासाठी ती लिहीत राहिली. अब्बांनी सांगितलेल्या गोष्टी हळूहळू संपल्या. मग ती नेटवर सगळेच लिहितात तसलं भरू लागली. 'नमस्कार रसिकहो! पावसाळ्यात आपल्या तंबोऱ्याची काळजी कशी घ्याल?' अब्बांनी उभ्या आयुष्यात कोणाला 'रसिकहो' म्हटलं नव्हतं. वाचणाऱ्यांना काय त्याचं? ते वाचत होते.

त्या शुक्रवारी ती घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. पुढं दुकान, त्यामागं घर आणि घराला लागून कारखाना, म्हणजे अब्बांची कामाची खोली. अम्मी, अकिलाबी, दारातच उभी होती. धुतलेला दुपट्टा, डोळ्यांत सुरमा. नूरीनला बरं वाटलं. अम्मी सावरली म्हणायची.

रिजवान टोपी घालून बाहेर निघाला होता. "मगरिबची नमाज पढतो आन् तसाच दोस्ताकडं बसतो," तो म्हणाला.

"मी आलीय आणि तू चाललास व्हय रं?"

"शुक्रवारचा मी घरात थांबत न्हाई." तो चपला शोधत राहिला. चपला त्याच्या पायातच होत्या.

अम्मीनं चहा केला. तीन कप भरले. तिसरा कप कारखान्याच्या बंद दाराशी, उंबऱ्यावर नेऊन ठेवला आणि परत येऊन भिंतीला टेकून बसली. एकटेपणानं बाईचं डोकं फिरलं की काय? बाहेर अजान झाली, थांबली. खोलीतला उजेड कोपऱ्याकोपऱ्यातून कमी होत गेला. नूरीन बटणाकडं हात न्यायला उठली.

"लाइट लावू नगंस," अम्मी म्हणाली. "त्यांच्या डोळ्यांवर येतो."

"कोणाच्या?"

अम्मीनं ओठांवर बोट ठेवलं.

आधी वास आला. लाखेच्या पॉलिशचा आणि ओल्या भोपळ्याचा, त्यात अब्बांच्या विडीचा धूर. मग दारापलीकडं आवाज सुरू झाला. खर्र... खर्र... खर्र... नूरीननं तो आवाज पाळण्यात असल्यापासून ऐकला होता. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात ती घोडी. तिच्यावर कानस चालवून तारांना गुंजायला लावायचं, याला जवारी काढणं म्हणतात. त्या कामात अब्बांचा हात धरणारा मिरजेत कोणी नव्हता.

"उंदीर असंल, अम्मी..."

"उंदीर तार छेडतो व्हय?"

आणि तार वाजली. एकच, खालच्या सुराची. तिचा गुंजारव भिंतीतून नूरीनच्या पाठीत उतरला. अंगावर सरसरून काटा आला. अब्बाच होते. धावत जाऊन दार उघडावं असं तिला वाटलं.

तेवढ्यात ते बोलले.

"नमस्कार... रसिकहो..."

आवाज त्यांचा होता, धाप लागलेला, विडीनं खरवडलेला. शब्द तिचे होते.

"पावसाळ्यात... आपल्या तंबोऱ्याची काळजी... कशी घ्याल..."

मध्येच ते थांबायचे. तोंडातलं काही हरवलंय आणि ते जिभेनं चाचपताहेत, तसे थांबायचे. मग पुन्हा कानस चालायची.

"पयल्यांदा असं न्हवतं," अम्मी कुजबुजली. "पयल्यांदा मला हाक मारायचे. 'अके, चा आन' म्हणायचे. खोकायचे, रिजवानला शिव्या घालायचे. मग तू लिवत गेलीस तसं त्यांचं सपत गेलं. आता तू लिवतीस तेवढंच त्यांला येतं."

उजेड पुरता गेला तसा आवाजही थांबला. तेव्हा मोबाइलची बॅटरी लावून तिनं कडी काढली आणि दार ढकललं. आत कोणी नव्हतं. चटईवर अब्बांच्या शेवटच्या कामाचा तंबोरा आडवा होता, आणि त्याच्याभोवती हाडाचा पांढरा भुगा पडला होता. घोडी झिजून कागदाएवढी पातळ झाली होती. जवारी कधीच काढून झाली होती. घासायला काही उरलं नव्हतं, तरी हात थांबत नव्हता. थांबणार कसा? पुढच्या शुक्रवारचा वायदा होता. लेकीनं केला होता, बापाच्या नावानं.

नूरीन त्या भुग्याशेजारी बसली आणि पोटभर रडली. बाप मेल्यावर रडायचं राहिलं होतं, तेही तेव्हाच रडून घेतलं.

"अम्मी, अब्बा लय दमलेत. मी हा वायदा मोडते."

"मग ते यायचे न्हाईत."

"न्हाई येणार."

अकिलाबीनं उंबऱ्यावरचा कप उचलला. चहावर साय धरली होती. "मोड," ती म्हणाली. "पण त्याआधी एक कर. माझं नाव घाल त्यात. एकदाच. मला हाक मारून जाऊ देत."

नूरीन आठवडाभर माहेरीच राहिली. जन्मात लिहायला एवढं अवघड तिला काही गेलं नव्हतं. अखेर तिनं दोनच ओळी लिहिल्या, आणि त्या अब्बांच्या तोंडी शोभतील अशा होत्या: "अके, लय दमलोय. आता मला जाऊ दे." त्याखाली, पहिल्यांदा स्वतःच्या नावानं, तिनं कळवलं की आमचे वडील चांदसाहेब अल्लाला प्यारे झाले. पुन्हा भेटण्याची ओळ घातली नाही.

शुक्रवारी दिवेलागणीला कानस चालली नाही. नुसता श्वास ऐकू आला, दाराच्या अगदी जवळ.

"अके..."

अकिलाबीनं दारावर तळहात टेकला.

"लय दमलोय... आता मला... जाऊ दे..."

"जावा," ती म्हणाली. "माझं काय न्हाई. पोरं हायती. जावा तुमी."

वास विरत गेला. मायलेकी एकमेकींना धरून बसल्या, आणि त्या रात्री किती शुक्रवारांनी रिजवान घरात जेवला.

वेबसाइटवर लोकांनी भरभरून हळहळ व्यक्त केली. औंधचा एक गायक लिहून गेला की आम्ही जुने लेख पुन्हा पुन्हा वाचतोय, चांदसाहेब बोलल्यासारखंच वाटतं. नूरीन ते जुने लेख काढून टाकणार होती. रिजवान म्हणाला, "असू दे, आठवण हाय." तिचाही हात धजला नाही. त्यातल्या अर्ध्या गप्पा तर अब्बांच्या स्वतःच्या होत्या, आणि प्रत्येकीखाली 'पुढच्या शुक्रवारी... मी आहेच' ही ओळ तशीच राहिली. ती कोरेगावला परतली.

पुढच्या शुक्रवारी तिन्हीसांजेला ती कणीक मळत असताना अम्मीचा फोन आला. अम्मी अगदी हळू बोलत होती.

"नूरी... आज काय लिवलंस व्हय गं?"

"न्हाई अम्मी. आता काही लिहीत न्हाई मी तिथं."

"मग ह्ये..." अम्मीनं फोन दाराकडं धरला असावा. नूरीनला ऐकू आलं. खर्र... खर्र... खर्र...

कणकेचा हात तसाच राहिला. "अब्बा आलेत?"

"न्हाई गं. अब्बा गेले. मी स्वतः लावून दिलं त्यांला." अम्मीचा श्वास अडखळत होता. "त्यांचा हात मी उभा जन्म ऐकलाय. ह्यो त्यांचा हात न्हाई. ह्यो दमतच न्हाई... पण आवाज त्यांचाच हाय."

"अम्मी, बाहेर ये. आधी रस्त्यावर ये! रिजवान कुठं हाय?"

"हाक मारतंय, नूरी. 'अके' म्हणतंय. सारखं म्हणतंय. इतक्या मायेनं तर त्यांनीबी कवा हाक मारली न्हाई..."

"अम्मी, दार उघडू नको. माझं ऐक. ते अब्बा न्हाईत, तूच म्हणतीस न्हवं? अम्मी?"

"कळतंय गं मला," अम्मी म्हणाली. तिच्या आवाजात रडं होतं, भीती मात्र कुठंच नव्हती. "पण हाक तर माझ्याच नावाची हाय न्हवं?"

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग बांगड्या वाजल्या. मग कडी निघाली, आणि घासणं थांबलं.