खिळ्यावरची नळी

बाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू टेबलावर ठेवली आणि आत साप असल्यासारखा हात पटकन मागे घेतला.

पैलवानाने कागद उलगडला. आत वीतभर लांबीची जाड रबरी नळी होती. तिच्या खालच्या अंगाला एक सरळ, नीटस काप होता, अर्ध्यापर्यंतच; पुढे थोडं रबर वेडंवाकडं फाटलेलं.

"माझ्या गाडीची आहे," बाई म्हणाल्या. "कोणीतरी माझ्या जिवावर उठलंय, मावशी."

मावशींनी चष्मा पुसला. तीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या आणि आता त्या खासगी तपासाची कामं घेत. पैलवान त्यांची गाडी चालवी, टिपणं काढी आणि घाबरण्याचं कामही तोच करी. अंगाने रेडा नि काळजाने चिमणी, असं मावशी त्याच्या तोंडावर म्हणत. त्याला राग येत नसे, कारण ते खरंच होतं.

"पहिल्यापासून सांगा," मावशी म्हणाल्या.

बाई जमीनमोजणीचं काम करत. नवराही तेच करायचा. एक वर्षापूर्वी डोंगरावरची एक हद्द मोजून परतताना त्याची छोटी जीप उतारावरून नाल्यात कोसळली आणि तो जागीच गेला.

"पोलिसांच्या अहवालात काय होतं?"

"खडक लागून ब्रेकच्या तेलाची नळी फुटली, तेल गेलं, पेडल तळाला गेलं. गाडी तीन दिवस नाल्यातल्या तांबड्या चिखलात होती. मग वर्षभर पोलिसांच्या आवारात, कुलपात. तिथून क्रेनने थेट उस्तादच्या गॅरेजात."

"हद्द कसली मोजत होते?"

"दगडाच्या खाणीची. खाणीने शेजारचा डोंगर खाल्लाय की नाही, ते ठरायचं होतं. त्यांची टिपणं चिखलात गेली. आता कोर्टाने मला सांगितलंय, शनिवारपर्यंत मोजणी पुरी करा."

"त्याच गाडीने?"

"त्या वाटेने दुसरी गाडी चढत नाही." बाई क्षणभर थांबल्या. "आणि त्यांची होती."

गाडीचं इंजिन चिखलाने संपलं होतं. नवं इंजिन बसवायचं तर जोडपट्टी, नळ्या, वायरिंग, सगळ्याचं किट घ्यावं लागतं. तिघांनी तीन किटं सुचवली होती. उस्ताद म्हणाला, जुन्याच कुळातलं पेट्रोल इंजिन घ्या, ब्रेक आहेत तेच चालतील. बाईंचा भाऊ विजेवरच्या मोटारी विकायचा, त्याने तेच किट पुढे केलं. ब्रेक त्यातही जुनेच राहणार होते. भाऊजींनी, म्हणजे धाकट्या दिराने, डिझेलचं किट शोधून आणलं. त्यात ब्रेकसुद्धा नवेकोरे, पेडलपासून चाकापर्यंत.

"भाऊजी म्हणाले, वहिनी, जुना एक स्क्रूसुद्धा ठेवू नका. मी त्यांचंच ऐकलं, ते बसवूनही झालं. दुधाने तोंड पोळलंय हो माझं."

पैलवान मावशींच्या कानाला लागला. "उस्ताद जुने ब्रेक ठेवा म्हणत होता!"

"ऐकू आलं मला," मावशी म्हणाल्या. "बाई, घरी कोण कोण असतं?"

"मी, माझी सात वर्षांची मुलगी, भाऊजी. आणि माझा भाऊ, तो अपघातानंतर सोबतीला आलाय. नळी मी काल गॅरेजात पाहिली. घरी कोणाला बोलले नाही. मुलीच्या खोलीला आतून कडी घालून बसले होते." त्यांचा आवाज फुटला. "मावशी, उद्या मी त्या उतारावर राहिले तर ती कोणाच्या हातात पडेल? तेवढंच शोधा."

पैलवानाने पाण्याचा पेला बाईंपुढे सरकवला.

गॅरेजच्या एका भिंतीवर ओळीने खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला जुने भाग टांगलेले होते, गाडीच्या नंबराची चिठ्ठी बांधून.

"काढलेला भाग मालकाने डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी भंगारात देत नाही," उस्ताद म्हणाला. "माझ्या वडिलांचा नियम."

"ही नळी कापलेली होती, ते तुम्हाला दिसलं नाही?"

उस्ताद ओशाळला. "वरून डिझेलने धुतली आणि टांगली. नव्या किटमध्ये तिचं कामच नव्हतं, खालून कोण बघतो?"

"तिचं काम काय असतं?"

"पेट्रोलचं इंजिन हिच्यातून हवा ओढतं, त्या जोरावर ब्रेक हलका लागतो. नळी फाटली की इंजिन थडथडतं आणि पेडल घट्ट होतं, दाबता दाबत नाही. तेल गेलं तर उलट, पेडल भसकन तळाला जातं."

"गाडी इथे आल्यापासून कोण येऊन गेलं?"

"मामा, म्हणजे बाईंचे भाऊ, एकदा. डिझेलला नावं ठेवून गेले. भाऊजी दोनदा, भंगाराचा टेम्पो घेऊन. म्हणाले, तुमची जागा कशाला अडवायची. मी दोनदा रिकामे परत पाठवले. नियम म्हणजे नियम."

मावशींनी केसातला आकडा काढला, नळीचा काप फाकवला आणि आत रुमालाचं टोक फिरवलं. रुमालावर तांबूस रेघ उमटली.

"गंज," पैलवान जाणकारासारखा म्हणाला.

"रबराला?" मावशींनी विचारलं आणि रुमाल घडी करून ठेवला. गॅरेजची जमीन तेलाने काळीकुट्ट होती, तिच्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

मग त्यांनी बाईंच्या जीपची किल्ली पैलवानाच्या हातात ठेवली. "मागचा उतार उतरून ये."

"मी? आणि कोणी काही करून ठेवलं असेल तर?"

"तेच बघायचंय."

पैलवानाची पाचावर धारण बसली. तो सगळ्या देवांना नवस बोलत निघाला. उताराच्या टोकाला त्याने डोळे मिटून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. त्याने डोळे उघडले, मागे घेऊन आणखी तीनदा उतरला, आणि परत आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"झकास आहेत ब्रेक. कोणी हातसुद्धा लावलेला नाही."

मावशींना आनंद झाला नाही. त्यांचा चेहरा उतरला, आणि ते पाहून पैलवान पुन्हा घाबरला.

बाईंच्या घरी मामा तोऱ्यातच बोलले. "विजेचं किट घेतलं असतं तर ना धूर ना कटकट! पण या घरात माझं ऐकतो कोण?"

भाऊजी नुकतेच खाणीवरून पाळी संपवून आले होते. तिथे ते सुपरवायझर होते, बुटांवर दगडाची पांढरी भुकटी होती. ते पुतणीच्या सॅंडलचा पट्टा लावत होते. ती त्यांच्या गळ्याला लोंबकळत होती.

"डिझेलच का?" मावशींनी विचारलं.

"ब्रेकसाठी," भाऊजी हळूच म्हणाले. "दादा माझ्या स्वप्नात येतो. दोन्ही पायांनी पेडल दाबतोय आणि ते दगडासारखं, हलतच नाही. वहिनींवर ती वेळ यायला नको."

पैलवानाला भडभडून आलं. बाहेर येताच तो म्हणाला, "किती माया! मामाच असणार हो. नाहीतर उस्ताद."

"उद्या सकाळी सगळ्यांना गॅरेजात बोलाव," मावशी म्हणाल्या. "आणि पोलिस चौकीवर निरोप ठेव."

सकाळी चौघं गॅरेजात जमले. चौकीतला हवालदार दाराशी उभा राहिला. मावशींनी नळी त्या खिळ्यावर परत टांगली.

"बाई, तुमच्या जिवावर कोणीही उठलेलं नाही," त्या म्हणाल्या. "गाडीतून काढून टाकलेली नळी कापून कोणाला मारता येतं? उस्तादने ती बाहेरून धुतली, पण कापाच्या आत तांबडा चिखल राहिलाय. इथे तांबडी माती नाही. ती नाल्यातली. म्हणजे गाडी नाल्यात पडली तेव्हा नळी कापलेलीच होती."

बाईंनी भिंतीचा आधार घेतला. "म्हणजे ते..."

"हो. तेलाची नळी पडल्यावर फुटली. त्याआधी ही फाटली होती. उस्तादने कापली असती तर स्वतःच्या खिळ्यावर टांगली नसती. मामा तेव्हा या घरात राहतच नव्हते. तीन किटं होती, बाई. दोघांना जुने ब्रेक गाडीत राहिले तरी चालणार होते. एकालाच जुना स्क्रूसुद्धा नको होता, आणि त्यानेच भंगारासाठी इथे दोन खेपा घातल्या. वर्षभर गाडी कुलपात होती, त्याला हात लावता आला नव्हता."

पैलवान ज्याच्या मायेने विरघळला होता, तो माणूस त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

"जगाने वाचलं, पेडल तळाला गेलं," मावशी म्हणाल्या. "भाऊजी, तुमच्या स्वप्नात ते दगडासारखं का होतं?"

भाऊजी खालीच बसले.

"अर्धीच कापली होती," ते म्हणाले. "इंजिन थडथडेल, दादा चढणीवरून परत फिरेल, एवढंच वाटलं होतं. खाण हद्दीबाहेर गेली होती, कागदांवर सह्या माझ्या होत्या. दोन दिवस मिळाले असते तर खुणेचे दगड हलवले असते. पण ती नळी वर जाईपर्यंत टिकली, वहिनी. उतरताना फाटली."

"मला सांगितलं असतं तर?" बाईंचा आवाज ओळखू येत नव्हता. "त्यांना सांगितलं असतं तर? तुमच्यासाठी ते कोणाच्याही पाया पडले असते!"

भाऊजींनी तोंड झाकून घेतलं.

"हे किट पुरावा लपवायला आणलंत, की माझ्यासाठी?"

"दोन्ही," ते म्हणाले. "सगळ्यात चांगले ब्रेक याच किटमध्ये होते. मी सगळी किटं बघितली, वहिनी."

हवालदार त्यांना घेऊन गेला.

शनिवारी बाई मोजणीला निघाल्या. मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून मावशींनी पैलवानाला पाठवलं. खाणीने डोंगर पुष्कळ आत खाल्ला होता. बाईंनी एकेक आकडा दोनदा वाचला आणि लिहिला.

उतरताना, जिथून जीप नाल्यात कोसळली होती त्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला. गाडी लगेच, अलगद थांबली. खाली नाला दिसत होता.

पैलवानाने दाराची मूठ घट्ट धरली होती. "काय झालं, बाई?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा पाय पेडलवरच होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ब्रेक चांगले आहेत. घरी मुलगी रोज विचारते, काका कुठे गेला. तिला काय सांगू ते ठरेपर्यंत थांबते जरा."