पासंगाचा खडा

हे घडलेलं आहे. माझ्याच बाबतीत.

पटवून द्यायचा नाद मी सोडलाय. कुणालाही सांगितलं की तो शेवटी कॅमेऱ्याचीच चूक काढतो. कॅमेरा तपासून झालाय. दोनदा.

वेळ रात्रीची नव्हती. सकाळचे पाच पन्नास, वार गुरुवार. गावाबाहेर बंद पडलेली दगडखाण आणि तिच्यात साठलेलं पाणी. चांगलं उजाडलं होतं.

पण आधी मामाबद्दल सांगायला हवं.

मामा तराजू दुरुस्त करायचा. आठवडाभर दुकानादुकानांतून पारडी जुळवायची, आणि रविवारी पाण्याचे फोटो काढायचे. वर झाडं, खाली तीच झाडं, मधोमध काठाची रेघ. घडी घातली तर पानावर पान बसेल असे फोटो. त्याला असे बारा हवे होते. अकरा झाले आणि तो गेला. झोपेतच, कुणाला न उठवता. मामीच्या भिंतीवर अकरा फोटो आहेत. बाराव्या जागी नुसता खिळा.

आणि मामीची नजर जात होती. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले, तेही चाचरत.

"तो खिळा भरलेला बघायचाय गं मला," ती म्हणाली. "मग अंधार झाला तरी चालेल."

कॅमेरा धरायला मला मामानेच शिकवलं. नाही कशी म्हणणार?

निघताना मामीने रुमालात बांधून एक खडा दिला. बोराएवढा, काळा. मामाच्या अकराही फोटोंत तो आहे. खाली, डाव्या कोपऱ्यात, काठावर ठेवलेला. मामा त्याला पासंग म्हणायचा. तराजूचं एक पारडं हलकं पडलं की त्याला असाच काहीतरी भार बांधतात. फोटोत मात्र मामाचा कारभार उलटा. जुळलेलं बिघडवायला पासंग.

मला तो खडा कधीच आवडला नाही. एवढी देखणी चौकट, आणि कोपऱ्यात हे खरकटं. त्याच्या बरोबरीचे फोटोवाले चिडवायचे, मामा, तांदूळ निवडायचे राहिले वाटतं. मामा हसायचा आणि माझ्याकडे बघून गुणगुणायचा,

"इतकं जुळवू नये बाई,
परतायला वाट नाही."

मी खडा बॅगेच्या तळाशी टाकला.

खाणीला तिन्ही बाजूंनी कडे आहेत, वारा सहसा शिरत नाही. समोरच्या कड्यावर दोन वाळकी झाडं, भांडलेल्या जावांसारखी एकमेकींकडे पाठ करून उभी. उजेड फुटल्यापासून पाणी हलायला लागेपर्यंत जेमतेम वीस मिनिटं मिळतात.

पहिल्या दिवशी धुकं. दुसऱ्या दिवशी बदकं. तिसऱ्या दिवशी माझीच बॅटरी संपलेली. चौथ्या दिवशी सगळं जुळून आलं. श्वास रोखला. बटणावर बोट ठेवलं…

टुप्.

पाण्यात काहीतरी पडलं. बरोबर मधोमध. वलयं पसरत गेली आणि खालची झाडं मोडून पडली.

वर पाहिलं. कुणी नाही. कड्यावरून एखादा दगड सुटला असेल.

पाचव्या दिवशी… टुप्.

सहाव्या दिवशी तीच जागा. तोच क्षण.

सातव्या दिवशी मी फसवायचं ठरवलं. बोट नेलं, पण बटण दाबलंच नाही. पाणी शांत. पाच मिनिटं थांबले. शांत.

दाबलं…

टुप्.

नऊ सकाळी अशा वाया गेल्या. चारला उठायचं, चिखल तुडवायचा, ऑफिसात पेंगायचं, साहेबांची बोलणी खायची. आणि संध्याकाळी मामीचा फोन, मिळाला का गं? तिच्या आवाजात तक्रार नसायची, म्हणूनच जास्त लागायचं. मामा एका रविवारात मिळवायचा ते मला मिळेना. मी त्याच्या पासंगालाही पुरत नव्हते.

दहाव्या दिवशी, त्या गुरुवारी, माझा तोल सुटला.

"काय पाहिजे तुला?" मी पाण्यावर ओरडले.

त्या खाणीत नुसतं शिंकलं तरी तीनदा ऐकू येतं.

या वेळी… काहीच परत आलं नाही.

पाखरं गप्प झाली. पाणी थबकलं, जसं कुणी आपलं नाव ऐकून थबकतं. मी बटण दाबलं. आवाज आला तो फक्त कॅमेऱ्याचा.

फोटो मिळाला होता. फांदीला फांदी, काटकीला काटकी. तसूभर फरक नाही. मी तिथेच बसून रडले.

मग ट्रायपॉड उचलायला वाकले. पाण्यात त्याचे तीन पाय दिसत होते.

फक्त त्याचेच.

कोन असेल, म्हटलं. असतो कधीकधी.

फ्रेमवाल्याने प्रिंट हातात घेऊन दोनदा फिरवली. "ताई, वरची बाजू कुठली?"

मी तोंड उघडलं… आणि मला सांगता येईना. तो हसला, म्हणाला, काढलाय तुम्हीच ना? मी अंदाजाने एका कडेला बोट लावलं.

मामीने फोटो नाकाशी धरून पाहिला. बराच वेळ.

"खडा नाही ठेवलास."

मी म्हटलं, मामी, त्याच्याशिवाय बघ तरी किती सुंदर आलाय. तिचा आवाज चढला नाही. मामा जे म्हणायचा ते तिने सांगितलं. दोन्ही पारडी अगदी सारखी दिसायला लागली, की माल कुठल्यात आणि वजन कुठल्यात हे तराजूलाच कळत नाही.

"पाण्याचं तसंच आहे. आपण कुठल्या बाजूचे, ते त्याला दाखवून ठेवावं लागतं. परत जा. खडा ठेवून काढ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दहा सकाळी जाळून मिळवलेला फोटो, आणि एका खड्यासाठी नापास. पण नजर जात चाललेल्या माणसाशी दिसण्यावरून काय भांडायचं?

शुक्रवारी पुन्हा गेले. खडा काठावर ठेवला, डावीकडे, माझ्या पायाशी. पहिल्याच झटक्यात फोटो. धुकं नाही, बदकं नाही, टुप् नाही. पाणी असं वागत होतं जणू मी घरचीच.

स्क्रीन पाहिली.

खडा खाली नव्हता.

खडा… वर होता. आकाशात. डाव्या कोपऱ्यात, टांगल्यासारखा.

कॅमेरा सरळ होता. खडा माझ्या पायाशीच होता, मी बोटांनी चाचपला. पुन्हा काढला. वर. जागा बदलून काढला. वर. घरी येऊन टेबलावर कपाशेजारी ठेवून काढला. कप टेबलावर, खडा छताला.

फ्रेमवाल्याला माझाच कॅमेरा देऊन काढायला लावला. खडा जागच्या जागी.

मी काढला की वर.

दोन महिने सरत आले होते. शेवटी तो शुक्रवारचा फोटो मी मामीला नेऊन दिला. तिने पाहिला. फ्रेम उलटी केली आणि खिळ्यावर लावली. आता खडा खाली आला. डाव्याऐवजी उजव्या कोपऱ्यात, एवढंच.

"झाले बारा," ती म्हणाली.

ती भिंतीसमोर उभी राहिली, डोळे भरून. मग माझ्या गालावरून हात फिरवला, आणि ओला झाल्यासारखा तो पुसला.

आता तिला काहीच दिसत नाही. आवाजावर चालते. पावलांवरून ओळखते, दूधवाला आला की शेजारीण. तोंड अचूक त्यांच्याकडे वळवून बोलते.

मी गेले की मात्र…

मान खाली घालते. फरशीकडे बघून बोलते.

कितीतरी दिवस मी विचारायचं टाळलं. गेल्या रविवारी तिच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. म्हटलं, मामी, मी इथे आहे, वर बघ ना.

ती आणखी थोडी वाकली.

"तुझा आवाज तिथूनच येतो गं," ती हळूच म्हणाली. "खोलातून."

घरी आले. दिवा लावला. खडा हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. मग हात पुढे केला आणि फरशीवर सोडून दिला.

खाली पडला. सगळ्या खड्यांसारखाच.

पण आवाज…

टुप्.

मी हात फिरवून पाहिला. फरशी कोरडी आहे. पुन्हा पाहिला. कोरडीच आहे.