आत्याने सांगायचा देश

मिरजेच्या हुद्दारांच्या घरात चौघे सकाळी एकाच पातेल्यातला चहा पीत, पण कर भरत तीन देशांना. नचिकेत डेन्मार्कला, त्याची बायको रेवा सिंगापूरला आणि अप्पा व शाल्मली भारताला. अप्पांनी भारत निवडला होता तो अभिमानाने, असं ते स्वतः सांगत. साठी उलटलेल्यांना देश बदलता येत नाही, एवढा तपशील सांगताना सोयीस्करपणे गळून जाई. त्यांच्या थोरल्या लेकीने, शाल्मलीने, मात्र काहीच निवडलं नव्हतं. तिचं निवडायचं राहूनच गेलं होतं.

करनिवडीचं आता कुणाला नवल राहिलं नव्हतं. माणसं आपापल्या गावीच राहत. मतदान तेच, पासपोर्ट तोच. फक्त उत्पन्नावरचा कर करारात सामील झालेल्या कुठल्याही देशाला द्यायचा आणि बदल्यात दवाखाना, शाळा, म्हातारपणीचं पेन्शन त्या देशाकडून घ्यायचं. सांगलीत विश्रामबागेत डेन्मार्कचं सेवाकेंद्र होतं, त्याच्यासमोर सिंगापूरचं आणि कोपऱ्यावर, वडापावच्या गाडीला लागून, जपानचं. नचिकेतची पाठ धरली की तो डेन्मार्कला जाई, म्हणजे सिटी बसने. रस्ते, दिवे आणि कचऱ्याची गाडी मात्र इथलीच राहिली होती. त्यांचा खर्च मागे उरलेल्यांच्या करातून चाले आणि तो कसाबसाच चाले.

या घरात नचिकेत-रेवाला मुलगी झाली आणि पंचाईत झाली. बाळाचा देश आईबापांनी निवडायचा नाही, असा कायदा होता, कारण देश आईबापांना भेटी देऊन फितवत. निवड तिसऱ्या व्यक्तीने करायची. ही तिसरी व्यक्ती कोण, याबद्दल महाराष्ट्रात कुणी बैठक घेतली नाही. नाव आत्या ठेवते, तर देशही आत्याच ठेवील, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. त्यामुळे आता बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगे आणि मग फोनमध्ये देश सांगे. नाही सांगितला तर बाळ जन्मदेशाकडेच राही. पंचविशीपर्यंत त्यात बदल नाही.

शाल्मलीचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. चौकात शिरायच्या आधी ठरवा कुठे वळायचंय, मधोमध उभं राहून विचार करत बसू नका, असं ती शिकाऊ मंडळींना रोज दरडावायची. आणि बारसं रविवारवर आलं तरी तिचं स्वतःचं काही ठरत नव्हतं. धाकट्या भावाची ही पहिली मुलगी. हिच्या बाबतीत चूक झाली तर आपण स्वतःला माफ करणार नाही, एवढंच तिला पक्कं ठाऊक होतं.

सगळेजण करत तेच तिनेही केलं. तिने तागडीला विचारलं. तागडी ही एक कंपनी होती आणि तिचा फोनमधला आवाजही तागडी म्हणूनच ओळखला जाई. बाळाची जन्मनोंद दिली की ती निरनिराळ्या देशांतलं त्याचं आयुष्य शेजारी शेजारी मांडून दाखवी. कर किती जाईल, सेवा काय मिळतील, देशाच्या कर्जातला किती वाटा डोक्यावर येईल. बारशाला सांगितलेला देश नोंदवूनही तीच घेई.

दुपारच्या वेळी शिकाऊ गाडी झाडाखाली लावून शाल्मली हे ऐकत बसे. डेन्मार्कमध्ये कमाईतला निम्म्याच्या आसपास भाग कर म्हणून जातो, पण कॉलेजला फी नाही आणि दवाखान्यात बिल नाही. सिंगापूरचा कर थोडका, पण पगारातला मोठा हिस्सा आपल्याच नावावर सक्तीने साठवायचा आणि आजारपण, म्हातारपण बऱ्याच अंशी त्यातून भागवायचं. सिंगापूरचं कर्ज कागदावर डोंगराएवढं दिसतं, पण ते खर्चासाठी नसून गुंतवणुकीसाठी आहे, म्हणून ते मोजताना वेगळं धरावं. इथपर्यंत ती कशीबशी पोचली होती. जपानपाशी मात्र तिची गाडी अडली.

"जपानच्या डोक्यावर एवढं कर्ज कुणाचं?" तिने विचारलं.

"बहुतांशी जपानी लोकांचंच. त्यांच्या बँकांचं, विम्याचं, बचतीचं," तागडी म्हणाली.

"म्हणजे घरातल्याच माणसांकडून उसने घेतलेत?"

"साधारण तसंच."

"मग फेडायचं कुणी?"

"पुढच्या पिढीने. घेणारीही पुढचीच पिढी असेल."

शाल्मलीने हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि दोन्ही वेळा तिला ते पटलं. पटूनही कळलं नाही, ही त्यातली खरी अडचण होती. नचिकेत म्हणत होता, ताई, कर जास्त असतो तिथे माणूस निर्धास्त झोपतो. रेवाचं म्हणणं, स्वतःच्या कमाईवर स्वतःचा हात हवा, मुलीच्या जातीला तर हवाच. अप्पा म्हणत, आपली कन्या आपल्याच देशाची. तिघांचंही ऐकताना शाल्मलीची मान डोलायची. घरातून बाहेर पडली की तिला वाटे, आपण नक्की कुणाला हो म्हणून आलो? तागडीने डेन्मार्कला पहिला नंबर दिला होता. शेवटी तोच सांगून मोकळं व्हावं, असं तिने शनिवारी सकाळी जवळजवळ ठरवलं.

शनिवारी दुपारी बाळाच्या कानांची तपासणी होती. प्रसूतीच्या दवाखान्यात पहिल्या चाचणीला बाळाने दाद दिली नव्हती, पण कानात पाणी असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. या वेळी झोपलेल्या बाळाच्या कपाळाला तारा लावून डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पडद्यावरच्या रेघा पाहिल्या. मग त्यांनी रेवाला आधी खुर्चीत बसायला सांगितलं. दोन्ही कान आतून काम करत नव्हते. बाळाला काहीच ऐकू येत नव्हतं.

त्या घाबरवणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांनी सावकाश समजावलं. कर्णरोपण करता येतं. आतल्या कानात एक बारीकसं यंत्र बसवतात, ते आवाज थेट मज्जातंतूपर्यंत पोचवतं. वर्षाच्या आत झालं तर मूल इतरांसारखं बोलायला शिकू शकतं. जितका उशीर होईल तितका मेंदू आवाज ओळखायला मागे पडतो, मग ऐकू येऊनही बोलणं कठीण जातं. यंत्र जन्मभर सांभाळावं लागतं, मधे मधे बदलावं लागतं. अहवाल सरकारी नोंदीत घालणं बंधनकारक आहे, तो सोमवारी घालू.

घरी आल्यावर रेवा बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. शाल्मलीला रडू येत होतं आणि आपल्याला रडायचा काय अधिकार, असंही वाटत होतं. ती गाडीत जाऊन बसली, काचा वर केल्या आणि एखाद्या बाळाला ऐकू येत नसेल तर काय होतं, असं तागडीला विचारलं.

"आपल्या भाचीबद्दल विचारताय का?"

"नाही. मैत्रिणीच्या मुलीबद्दल." खोटं किती सहज तोंडातून गेलं, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

तागडीने मांडणी केली. डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रिया, यंत्र आणि पुढची देखभाल करातच धरलेली. जपानमध्ये बराचसा खर्च विमा उचलील. सिंगापूरमध्ये थोडा सरकार देईल, बाकीचा साठवलेल्या पैशांतून. भारतात योजना आहे, शस्त्रक्रिया मोफत आहे, पण मोठी रांग आहे आणि नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही. मग शाल्मलीने आधी कधी न पाहिलेली एक ओळ खाली उमटली. 'स्वीकाराची शक्यता: नगण्य.' पहिल्या तिन्ही देशांखाली तीच ओळ होती.

"याचा अर्थ काय?"

"बाहेरून येणाऱ्या बाळांचे गट त्या त्या देशासाठी आमची कंपनी जुळवते. बाळ आयुष्यभरात किती देईल आणि किती घेईल, ते आम्ही तोलतो. घेणं फार भरलं तर गटात जागा होत नाही. देशांना बाळाचं नावसुद्धा कळत नाही."

म्हणजे इतके दिवस आपण देश तोलत होतो आणि ही बया बाळाला तोलत होती. भारताखाली मात्र ती ओळ नव्हती. तिने कारण विचारलं.

"भारताने तोलायला सांगितलेलं नाही," तागडी म्हणाली.

"का बरं?"

"कारण नोंदवलेलं नाही."

संध्याकाळी चौघे स्वयंपाकघरात बसले. नचिकेतने नियम शोधून ठेवला होता. निवडीनंतर कळलेला आजार त्या त्या देशाने सांभाळायचा. आधीपासून ठाऊक असलेला लपवला, तर निवड रद्द.

"ताई, आपल्याला अजून तोंडीच सांगितलंय," तो म्हणाला. "नोंद सोमवारी होणार. तू उद्या नुसतं डेन्मार्क म्हण. कुणाला कळणार आहे, सांग की."

"आणि सापडलो तर?" शाल्मली म्हणाली. "तीन वर्षांची असताना काढून टाकलं, तर यंत्र कानात आणि दुरुस्तीला कुणी नाही, असं व्हायचं."

"आणि रांगेत उभी राहिली, तर तीन वर्षांची होईस्तोवर यंत्रच नाही."

सिंगापूरचं नाव आता रेवाच्या तोंडून निघत नव्हतं. ती एवढंच म्हणाली की ताई, तुम्ही जे म्हणाल ते आम्हाला चालेल. शाल्मलीला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. नाही चालणार, भांडा माझ्याशी, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण बाळंतिणीवर कोण ओरडणार?

अप्पा म्हणाले, "आपला देश पोरीला तोलत नाही. आपलं माणूस तोलत नसतं, शाल्मली."

"की तोलायला तिथे कुणी बसलेलंच नाही, अप्पा?"

यावर अप्पा चिडतील असं तिला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. "मला काय ठाऊक," ते म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही."

रविवारी घर माणसांनी भरलं. पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या, घुगऱ्यांचं पातेलं बाहेर आलं, गल्लीतल्या बायका नटूनथटून आल्या. झालेला प्रकार चौघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हता. शेजारच्या हेमलताबाईंनी बाळाला पाहून गुणाची पोर म्हटलं, एवढ्या गलक्यातही कशी शांत झोपलीय. रेवा हसली आणि लगेच पाण्याचं निमित्त करून आत गेली. पाळणा म्हणताना बायकांचा सूर कधी नव्हे तो जुळला होता आणि शाल्मलीला तो ऐकवत नव्हता.

ती पाळण्याशी वाकली. मागे उभ्या असलेल्या बायकांनी हात सरसावले, कारण आत्या कुर्र करायला लागली की तिच्या पाठीत धपाटे घालायचा त्यांचा हक्क असतो. शाल्मलीने बाळाच्या कानाशी तोंड नेलं. कान एवढासा होता, दुमडलेला, गुलाबी. तिने कुर्र केलं, नाव सांगितलं, आर्द्रा, आर्द्रा, आणि पाठीवर धपाटे पडत असतानाच तिने पाहिलं, बाळाची पापणीसुद्धा हलली नव्हती. मग बाळाने डोळे उघडले. ते तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहू लागलं, जणू तिच्या ओठांवरच सगळं लिहिलेलं होतं. रांग, नियम, कर्ज, कर, सगळं एका बाजूला राहिलं. हिला ऐकू आलं पाहिजे, बाकी पुढचं पुढे, असं तिच्या मनाने घेतलं.

नचिकेतने फोन पुढे धरला.

"बाळाचं नाव?" तागडीने विचारलं.

"आर्द्रा."

"बाळाचा देश?"

"डेन्मार्क," शाल्मली म्हणाली. तिचा आवाज अजिबात कापला नाही. अप्पांनी मान खाली घातली. नचिकेतने श्वास सोडला.

"बाळाच्या तब्येतीची आपल्याला ठाऊक असलेली कुठली गोष्ट सांगायची राहिली आहे का?"

"नाही."

"आभारी आहोत. नाव बाळाच्या कानात सांगितलं?"

"हो."

"बाळाने ऐकलं?"

शाल्मली उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तागडीच्या आवाजात काही फरक नव्हता. देशाचं नाव विचारताना होता तसाच तो मऊ आणि मोकळा होता. ही नुसती रीत असेल, बारसं झालं का हे पाहण्याची. कुणीतरी कुठेतरी बसून प्रश्न लिहिले असतील, आणि आत्या म्हटल्यावर कान आलाच. किंवा काल गाडीत विचारलेली ती मैत्रिणीची मुलगी हिने लक्षात ठेवली असेल. हेमलताबाईंनी मागच्याच महिन्यात भाच्याचा देश सांगितला होता. त्या हाताच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांना विचारलं असतं तर एका शब्दात उलगडा झाला असता. पण विचारायचं म्हणजे सगळ्यांसमोर विचारायचं. आणि हेमलताबाई तर भुवया वर करून तिच्याकडेच पाहत होत्या. त्यांना या प्रश्नाचं नवल वाटलं होतं, की शाल्मलीच्या गप्प राहण्याचं?

फोन वाट पाहत होता. पाळण्यातून आर्द्रा अजून तिच्या ओठांकडे पाहत होती. हा प्रश्न तागडी सगळ्याच आत्यांना विचारते, की फक्त मलाच?