आईच्या हातांचा शॉट

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर नाशिकच्या गोदाघाटावर चला. साल एकोणीसशे एकोणऐंशी. पायऱ्यांवर कॅमेरा मांडलाय, त्याच्यामागे चिंतामण नावाचा तरुण घामाघूम झालाय... आणि थोड्या अंतरावर त्याची आई अनसूयाबाई, नात उत्तराचा हात धरून उभी आहे. आता त्या आईच्या मनात शिरा!

सात वर्षांपूर्वी चिंतामणने घराण्याची भिक्षुकी नाकारून मुंबईचा सिनेमा धरला, तेव्हा वडील यज्ञेश्वरशास्त्री म्हणाले होते, "पुन्हा या घरात पाऊल नको!" तेव्हापासून बापलेकांत शब्द नव्हता... आणि दोघांच्या मधे ती माउली मूकपणे जळत होती.

दिग्दर्शक असं एकदम होता येत नाही बरं! चिंतामणने तीन वर्षं नुसती क्लॅपची पाटी धरली. पुढची चार वर्षं, कुठल्या शॉटला पदर कुठल्या खांद्यावर होता, ते वहीत टिपलं. आज प्रथमच दिग्दर्शक साहेब म्हणाले होते, "विधवेच्या हातांचा शॉट राहिलाय. नटी येणार नाही. तू घे. जुळला, तर पुढच्या चित्रपटातल्या दोन गाण्यांचं दिग्दर्शन तुझं."

पण हात कुणाचे? घाटावरच्या दोन विधवा तयार झाल्या, तर त्यांच्या मनगटांवर गोंदण. नटीच्या हातांवर ते नव्हतं. फुलवाल्या कुसाबाईला विचारलं, तर ती कडाडली, "बांगड्या काढू? माझा धनी जित्ता हाय रे मेल्या!"

अनसूयाबाई पुढे झाली. "माझे हात चालतील का रे?"

"आई, नको! अण्णा काय म्हणतील..."

सुवासिनी नव्या बांगड्या भरतानाही एखादी जुनी हातात ठेवते. मनगट क्षणभरही उघडं पडू देत नाही. शेवटची बांगडी उतरवताना अनसूयाबाईचा हात थांबला... तोच पलीकडे घाटावर विधी सांगत असलेले यज्ञेश्वरशास्त्री, हे सगळं ऐकून, यजमानाला तसाच पाटावर बसवून तिथे आले!

"थांबलीस का? मी धडधाकट उभा आहे ना समोर? काढ." ते दोन पायऱ्या खाली उतरले. "मी इथेच उभा राहतो. मग कसला आलाय अपशकुन!"

अनसूयाबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. उघड्या हातांनी तिने कलश पाण्यात धरला.

चिंतामणने कॅमेऱ्यातून पाहिलं. वडिलांची सावली थेट त्या हातांवर पडली होती! सात वर्षांनी जवळ आलेल्या बापाला 'बाजूला व्हा' म्हणायचं तरी कसं?

"अरे, ऊन चाललं! सांग ना त्यांना," कॅमेरामन पुटपुटला. चिंतामण पुन्हा कॅमेऱ्यातच डोकावला.

नऊ वर्षांच्या उत्तराने काकाकडे पाहिलं, सावलीकडे पाहिलं. मग ती पायऱ्या उतरली, तिने आजोबांचं बोट धरलं, "आजोबा, इथून नीट दिसत नाही हो," म्हणाली, आणि त्यांना वर नेऊन कॅमेऱ्यामागे, काकाच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभं केलं.